तीन रुपयांचा पिक्चर

मंगळवार पेठेत माझी व्हिडिओ लायब्ररी होती की, तेव्हाची गोष्ट. नव्या पिक्चरच्या कॅसेटला दिवसाचं भाडं दहा रुपये, जुन्याला तीन. शेजारचे दत्तूमामा एक जुना लढाईचा पिक्चर मागायला आले. मी म्हटलं, "तीन रुपये द्या."

मामा भडकले. "तीन? ह्यात मी घोड्यावरनं पडलोय. हात मोडलाय माझा. दहा घे."

"मामा, जुन्याचा दर तीनच हाय."

"आज सगळी गल्ली बघायला येणार हाय. तीन रुपयांत पडू व्हय मी?"

दहाची नोट टाकून गेले.

दुसऱ्या दिवशी कॅसेट घेऊन मामी आल्या. "तीस वर्षं ऐकत आलो ते पडणं काल बघितलं. ह्यांचं तोंडबी दिसत न्हाय, नुसता घोडा दिसतोय. सात रुपये परत दे."