तारणाला ठेवलेला श्वास

नाव: सौ. विनीता आल्हाद पगारे. वय: ५१ वर्षे. व्यवसाय: केंद्र सरकारी कार्यालयात हिंदी अनुवादक. राहणार: रांझी, जबलपूर. धर्म: ख्रिस्ती. भाषा: घरात मराठी, बाहेर हिंदी.

मी वर नाव लिहिलेली बाई, पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारले ते ऐकून, समजून आणि कोणाच्या सांगण्यावरून नाही, असा जबाब देते की,

हा जबाब आधी हिंदीत घेण्यात आला होता. त्यात 'साक्षीदाराच्या बहिणीने आपला उद्धार गहाण ठेवला' असे वाक्य उतरले, आणि ते वाचून ठाण्याच्या साहेबांनी, कोणत्या बँकेत, असे विचारले. दोष लिहिणाऱ्याचा नाही. हिंदीत उद्धार वेगळा आणि गिरवी, म्हणजे गहाण, वेगळी. मराठीत आत्मा वाचतो त्यालाही तारण म्हणतात आणि कर्जापोटी दागिना ठेवतात त्यालाही तारणच म्हणतात. हे सगळे प्रकरण त्या एका शब्दातून झाले आहे. म्हणून प्रधान आरक्षक, म्हणजे हवालदार, शशिकांत डोंगरे, मूळचे पांढुर्ण्याचे आणि म्हणून मराठी येणारे, यांनी जबाब मराठीत पुन्हा लिहायला घेतला आहे.

माझी थोरली बहीण सुमित्रा सूर्यकांत रणभिसे, वय ६३, अविवाहित, माझ्याच घरी मागच्या खोलीत राहत आहे. रेल्वेच्या दवाखान्यात ती नर्स होती, तिथूनच निवृत्त झाली. तिला जुना दमा आहे. पंप पदराला बांधल्यासारखा तिच्याजवळ असतो. दवाखान्यात येणाऱ्या नव्या रोग्यांना पंप तोंडात कसा धरायचा आणि श्वास केव्हा ओढायचा हे तिनेच शिकवले. आईवडिलांचे शेवटपर्यंत तिने केले. चर्चमधली फुले, वेदीचे कापड, आजाऱ्यांच्या भेटी आणि जमतील तेवढे उपास तिच्याकडे आहेत. मी चर्चमध्ये उशिरा पोहोचते आणि लवकर निघते. देवाच्या दारात आम्हा दोघींची एकच रांग असेल, हे तिला कधीच पटलेले नाही.

विक्की वाघचौरे, वय सुमारे तीस, हा आमच्याच चर्चच्या मंडळीतल्या घरातला. जबलपुरात जन्मला, हिंदीत वाढला. मराठी त्याला समजते, बोलायला गेला की घसरतो. मध्यंतरी तो नागपुरात सोने ठेवून घेऊन कर्ज देणाऱ्या एका कंपनीत नोकरीला होता. तिथून परत आला तो ब्रदर विक्की होऊन. नेपियर टाउनमध्ये एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर त्याने प्रार्थना सुरू केली. खाली मुले स्पर्धा परीक्षेत पास होण्यासाठी येतात, वर त्यांचे आजीआजोबा.

त्याची शिकवण अशी. तारण फुकट मिळते हे चर्चच्या पाळक लोकांनी आळसापोटी पसरवले आहे. तारण ठेवावे लागते. देवाच्या हातात काहीतरी द्यावे लागते, तरच तो तुम्हाला आपले धरतो. पैसा नको, सोने नको. ज्या वस्तूवर तुमचा सगळ्यात जास्त भरवसा असेल ती आणून ठेवा, म्हणजे तो भरवसा सुटा होऊन देवावर जाऊन बसेल. विक्कीने कोणाकडून एक पैसा घेतला नाही, हे त्याच्या बाजूने लिहून घ्यावे, असे मीच सांगते. साहेबांनी हे ऐकून पेन खाली ठेवले होते.

साहेबांनी धर्मांतराचा प्रकार आहे का, असेही विचारले. मी सांगितले की, सगळे जन्मापासून ख्रिस्ती आहेत, बदलायला काही शिल्लक नाही. त्यांना फक्त जे आधीच दिलेले आहे ते पुन्हा मिळवायला लावले जात होते.

हॉलमध्ये एक काचेचे कपाट आहे. त्यात लोकांनी ठेवलेल्या वस्तू आहेत. चष्मे, काठ्या, कानात घालायचे यंत्र, गुडघ्याचे पट्टे आणि स्टीलच्या वाटीत एक कवळी. प्रत्येक वस्तूला नावाची चिठ्ठी. पाटनचे एक म्हातारे गृहस्थ चष्मा ठेवून मोठ्या समाधानाने खाली उतरले आणि पाटनची बस सोडून सिहोऱ्याच्या बसमध्ये बसले. कवळी ठेवलेल्या बाईंनी दुसऱ्या दिवशी उभे राहून साक्ष दिली. ती कोणाला कळली नाही, पण आमेन सगळ्यांनी म्हटले. हे मला माझ्या बहिणीनेच हसत सांगितले होते. मीही हसले होते.

आमचे पाळक मोहन साळवे यांनी याविरुद्ध उपदेशात पुन्हा पुन्हा इशारा दिला होता. ते म्हणाले की, पहिल्या मंडळ्यांना बाहेरच्या छळाने जेवढे नुकसान झाले नाही तेवढे आतल्या गोड शिक्षकांनी केले. असा शिक्षक ख्रिस्ताला नाकारत नाही, त्याच्या पुढे फक्त 'आणि' लावतो. ख्रिस्त आणि उपास, ख्रिस्त आणि काठी. माणूस तारला जातो तो निव्वळ कृपेने, विश्वासाने, स्वतःच्या करणीने नाही. आपल्या करणीची चिमूटभर जरी त्यात टाकली तरी ती कृपा राहत नाही, पगार होतो. पाळकांचे मराठी जड आहे, तरुण मुले त्या वेळात मोबाईल बघतात. माझी बहीण पहिल्या बाकावर बसून मान डोलावत होती. उपासना संपल्यावर ती वेदीवरची उरलेली फुले घेऊन ऑटोने विक्कीच्या हॉलवर जायची. दोन्हीकडे फुले तीच, वाया काही जाऊ द्यायचे नाही.

घटनेच्या दिवशी, रविवारी दुपारी, मी मागच्या खोलीत गेले तेव्हा ती खाटेच्या कडेला गुडघ्यांवर हात रोवून बसली होती आणि तिचे खांदे वर-खाली होत होते. ओठांचा रंग बरा नव्हता. मी विचारले, ताई, पंप कुठे आहे? ती म्हणाली, ठेवला आहे. कुठे ठेवला? ती म्हणाली, तारणाला.

मला वाटले ती आत्म्याचे बोलून राहिली आहे. मी जरा रागानेच म्हटले की, तारणाचे मग बघू, आधी पंप घे.

"पंपच तर तारण आहे, विनू."

तू नर्स आहेस, तुला कळत नाही का, असे मी म्हटले. त्यावर ती तुटक तुटक बोलली, ते सलग असे: "नर्स आहे म्हणूनच ना. मला माहीत आहे त्याच्याशिवाय काय होते ते. ज्याच्याशिवाय चालते ते ठेवून काय फायदा?"

माझे पती आल्हाद कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून नवा पंप घेऊन आले. तिने ओठ घट्ट मिटले. ब्रदरनी सोडले तरच घेईन, असे तिने हाताने आणि थोडे तोंडाने सांगितले. विक्कीचा फोन बंद होता. आल्हाद तिला ऑटोत घालून दवाखान्यात गेले. मी स्कूटरने हॉलवर गेले.

हॉलमध्ये प्रार्थना चालू होती. विक्की शास्त्र, म्हणजे बायबल, अगदी नाकाला लावून वाचत होता. मी जवळ जाऊन बोलेपर्यंत त्याने मला ओळखले नाही. मी त्याला बहिणीची अवस्था सांगितली आणि फोनवर फक्त 'सोडले' एवढे म्हणायला सांगितले. त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "आंटी, मैं कौन होता हूँ छोड़नेवाला? रखा तो प्रभु के पास है।"

मी म्हटले, "ठेवून घेताना तू होतास, सोडताना तू कोणी नाहीस काय?"

मग मी विचारले की, तारण म्हणजे गहाण हे तुला सांगितले कोणी? त्याने माझ्याकडे असे पाहिले, जसे मीच काहीतरी अडाणी विचारले. "आंटी, पूरे नागपुर में बोर्ड लगे हैं। सोने तारण, घर तारण, शेती तारण. मराठी तो आपकी ही है न?"

माझी नोकरी शब्दाला शब्द लावण्याची आहे. त्या वेळी मला एकही लावता आला नाही. मी आजवर धरून होते की तो लबाड आहे. लबाड असता तर त्याच्याशी काय करायचे ते मला माहीत होते. हा प्रामाणिक होता. याला कोणीतरी एक शब्द अर्धवट शिकवला होता आणि त्याने त्यावर मजला चढवला होता.

मी कपाट उघड म्हटले. तो लगेच उठला, हे खरे आहे. त्याने खिशातून किल्ली काढली आणि कुलपाला लावायला गेला, पण भोक त्याला सापडेना. किल्ली काचेवर, दारावर, बोटावर, सगळीकडे लागत होती. तेव्हा मला वरच्या कप्प्यातला पहिला चष्मा दिसला. त्याला विक्कीचीच चिठ्ठी होती. हा मुलगा चष्म्याशिवाय लोकांना शास्त्र वाचून दाखवत होता. मी किल्ली मागितली, तर घाबरून ती त्याच्या हातून बाकाखाली गेली. म्हणून मी शेजारी टेकवून ठेवलेली एक काठी घेतली आणि काच फोडली. काच मी फोडली, दुसऱ्या कोणी नाही. कोणाला मारले नाही. पंप घेतला, बाकी कशाला हात लावला नाही. फिर्याद विक्कीने दिलेली नाही. ज्यांच्या काठीने काच फुटली त्यांनी दिली आहे, काठी नुकतीच ठेवायला आणली होती असे त्यांचे म्हणणे आहे.

दवाखान्यात पोहोचले तेव्हा बहिणीला तोंडावर ऑक्सिजन लावला होता. सिस्टरची पाठ वळली की ती मास्क बाजूला करत होती. ते कसे करायचे, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. मी पंप तिच्या हातात दिला. तिने चिठ्ठीवरचे आपले नाव पाहिले आणि नजरेने विचारले. आल्हाद मागून मला हो म्हण, हो म्हण अशी खूण करत होते. मी म्हटले, सोडले त्याने.

"खोटं बोलून राहिली तू."

मी म्हटले, "बरं, नाही सोडलं त्याने. पण ते त्याच्याकडे नव्हतंच कधी, ताई. तू ठेवल्याने काही होणार नव्हतं. तुझं तारण झालेलं आहे. फुकट."

ती म्हणाली, "फुकट?"

मी म्हटले, फुकट.

"म्हणजे तुला न् मला एकच?"

मी हो म्हटले. तिच्या तोंडाकडे मला पाहवेना. तिला राग आला असता तर बरे झाले असते. वेदीचे कापड धुणारी, आईचे पाय चेपणारी, सणाच्या दिवशीसुद्धा शेवटी जेवणारी बाई माझ्याकडे बघत होती. श्वासाच्या मध्ये मध्ये ती म्हणाली, "मग मी इतकी वर्षं काहून करून राहिली?"

पाळकांनी इतके रविवार सांगितले त्यातले काहीतरी मला आठवायला हवे होते. आठवले नाही.

त्यानंतर तिने पंप तोंडाशी नेला की सोडून दिला, हे मला खात्रीने सांगता येत नाही. त्याच वेळी तिची मान पडली आणि डॉक्टरांनी मला पडद्याबाहेर काढले. पंप नंतर खाटेखाली मिळाला. तो पोलिसांनी पंचांसमक्ष ताब्यात घेऊन कापडात शिवून लाख लावली आहे. एका कुलपातून काढला तो दुसऱ्यात गेला, यावर माझी तक्रार नाही.

मला विक्कीविरुद्ध काय म्हणायचे आहे, असे विचारले. त्याला त्याचा चष्मा परत द्यावा. बाकीच्यांच्या वस्तूही त्यांना द्याव्यात, सुरुवात कवळीपासून करावी. त्याने ती संध्याकाळ दवाखान्यात येऊन जमिनीवर बसून काढली, आणि 'आंटी, मतलब कुछ भी नहीं रखना था?' एवढे एकच तो मला विचारत होता. हेही मी सांगते. कायद्यात याला काय म्हणतात, ते साहेबांनी ठरवावे. मंडळीत याला खोटी शिकवण म्हणतात, आणि तिच्यामुळे माणूस मरू शकतो हा मला नुसता वाक्प्रचार वाटत होता.

माझी बहीण सध्या अतिदक्षता विभागात आहे. तिच्या घशात नळी घातली आहे. डॉक्टरांनी मला समजावले की, बाईंनी आता काहीही करायचे नाही, श्वास ओढायची धडपडसुद्धा नाही. श्वास मशीन देते, त्यांनी तो फक्त घ्यायचा. त्या अजून मशीनशी झगडत आहेत, म्हणून औषध देऊन शांत ठेवले आहे. असे नुसते घेणे तिने आयुष्यात कधी केलेले नाही, एवढेच मी डॉक्टरांना सांगितले.

येणेप्रमाणे मी बोलले ते प्रधान आरक्षक डोंगरे यांनी माझ्यादेखत उतरवून मला मोठ्याने वाचून दाखवले. ते माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. बहिणीविषयी बोलताना माझ्या तोंडून काही ठिकाणी 'राहत होती', 'दमा होता' असे गेले होते. ते वाचताना माझ्या लक्षात आले. तिथे 'होती' आणि 'होता' खोडून 'आहे' करून घेतले. प्रत्येक खाडाखोडीवर माझी सही आहे.