विल्फ्रेडचं मार्मलेड

ब्लॅकमेलवरचा एक खुनशी विनोदी सिनेमा हल शहरात लागला होता. तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढे दोघी मैत्रिणी होत्या, डिलिस आणि मेव्हिस.

"अगं डिलिस, ब्लॅकमेल बघायला तिकीट कशाला? मला ते घरबसल्या फुकट मिळतंय."

"म्हणजे गं?"

"चर्चच्या जत्रेत दरवर्षी माझ्या संत्र्यांच्या मार्मलेडला बक्षीस मिळतं ना? ते विल्फ्रेड करतो."

"तुझा नवरा? गोदीतला मुकादम?"

"हळू बोल! शेजारच्या क्लिदरोबाईनं त्याला खिडकीतून संत्री चिरताना पाहिलं. म्हणते, यंदा स्पर्धेत उतरलीस तर गोदीभर सांगेन."

"मग नाही ना उतरणार?"

"उतरणार तर! पण बरणीवर त्याचं नाव लिहून."

"आणि तो ऐकेल?"

"तो बघ, आलाच शेंगदाणे घेऊन. अहो विल्फ्रेड! यंदा तुमचं मार्मलेड तुमच्याच नावानं जाणार!"

"मेव्हिस, ओरडतेस काय! मागे आमच्या गोदीतली माणसं उभी आहेत."

"ऐकू दे की. आता क्लिदरोबाईकडे सांगण्यासारखं उरलं काय?"

मग मागून एक घोगरा आवाज आला.

"मुकादम, संत्र्यांच्या साली रात्रभर भिजवता का हो? माझं काही केल्या घट्टच होत नाही."