उन्हावरची गाडी

सोजराबाई : पाने-पक्कड काहून काढून राहिलास, रविंद्र? उद्या मानसं येतील, आन् तू गाडी खोलायला बसलास.

रविंद्र : रतनसिंग सकाळी टेम्पो घेऊन येतो म्हणला. छतावरच्या सोलर प्लेटा त्याला केळीच्या मळ्यात लावायच्यात. बॅटऱ्या बी नेतो. राहिला सांगाडा, तो भंगारात.

(घरापुढं मंडप पडलाय. उद्या रविंद्रच्या वडिलांचं, किशनरावांचं पुण्यानुमोदन, म्हणजे मृत्यूनंतरचा बौद्ध विधी; त्यासाठी भंतेजी, बौद्ध भिक्खू, यायचे आहेत. मंडपाच्या कडेला एक जुनी व्हॅन उभी आहे; तिच्या छतावर रविंद्रनं सोलर प्लेटा बसवल्यात.)

सोजराबाई : मला इचारलं न्हाईस.

रविंद्र : काय विचारायचं त्यात, आई?

सोजराबाई : चा देऊ?

रविंद्र : नको.

सोजराबाई : दुपारी बी जेवला न्हाईस.

रविंद्र : जेवलो. जेवलो असेन.

सोजराबाई : पुण्याची कंपनी सोडून आलास. तीन सालं हिच्यात घातलीस. मास्तर असो, पोस्टमन असो, कुनाची बी गाडी उन्हावर पळंल, डिझेलचा थेंब लागनार न्हाई, असं तूच सांगत व्हतास ना?

रविंद्र : सांगत होतो. अन् बाबा म्हणायचे, जिंदगीभर एसटी हाकली, मरणाचं ऊन खाल्लं, पण उन्हानं चाक फिरल्यालं काय पाहिलं न्हाई.

सोजराबाई : म्हनायचे.

रविंद्र : तीन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. जेवायला शेजारी बसायचे अन् म्हणायचे, सोजरा, त्याला मीठ सरकवायला सांग.

सोजराबाई : तू तरी कुठं बोललास? तू बी तसाच, बापाचा लेक.

रविंद्र : त्या दिवशी छातीत कळ आली. शेजारचा प्रभू जीप घेऊन दारात उभा. अन् बाबा म्हणले, जीप नको, रविंद्राच्या गाडीत जाऊ. तीन वर्षांत पहिल्यांदा नाव घेतलं माझं. मी नाही कसं म्हणणार होतो?

सोजराबाई : कोन म्हनलं असतं?

रविंद्र : रात्रभर चार्जिंगला लाईट नव्हती. बॅटऱ्या अर्ध्याच भरलेल्या, मला ठाऊक होतं. वाटलं, ऊन हाय, नांदेडच्या दवाखान्यापर्यंत निघून जाऊ. वारंगा फाट्याच्या पुढं आभाळ आलं, अन् डोंगरकडा गावाच्या अलीकडं गाडी बसली.

सोजराबाई : मी मागंच बसले व्हते रे. मला काय सांगून राहिलास.

रविंद्र : दुसरी गाडी मिळेपर्यंत पाऊण तास गेला. डॉक्टर म्हणले, जरा आधी आणायचं होतं. आई, जीपनं गेलो असतो तर वाचले असते?

सोजराबाई : व्हय. वाचले असते.

रविंद्र : हं.

सोजराबाई : खोटं काय बोलू तुला?

रविंद्र : नको बोलूस. मला काहीच वाटत नाही बघ. रडू बी येत नाही. पाना धरलेला हात माझाच हाय का, ते बी कळत नाही.

सोजराबाई : मला बी येत न्हाई. आल्यागेल्याला पानी देते, भांडी घासते. बाया म्हनतात, सोजराबाई लई खंबीर. खंबीर कुठली, नुसती बधिर झालेय.

रविंद्र : बस जरा. उभी काहून?

सोजराबाई : रतनसिंगला मोबाईल लाव. येऊ नको म्हन.

रविंद्र : का?

सोजराबाई : सकाळी भंतेजीला बाळापूरच्या स्टँडवरून आनायचं हाय. ह्याच गाडीत आन.

रविंद्र : ह्या गाडीत? काय बोलतेस, आई?

सोजराबाई : ही काय दवाखान्याची गाडी न्हवती. बाजाराची व्हती, स्टँडची व्हती, रोजच्या मानसाची. त्या दिशी तिला भलत्याच कामाला जुपलं. तेवढ्यापायी भंगारात घालतोस?

रविंद्र : आभाळ आलं तर? परत रस्त्यात बंद पडली तर?

सोजराबाई : प्रभूला म्हन, जीप मागं मागं घिऊन ये. बंद पडली तर भंतेजी जीपमदी बसतील.

रविंद्र : जीप मागं ठेवायची. एवढंच करायचं होतं. त्या दिवशी कोणालाच कसं सुचलं नाही?

सोजराबाई : मला सुचलं व्हतं.

रविंद्र : मग बोलली काहून नाहीस?

सोजराबाई : गाडीत बसल्या बसल्या तुझ्या बाबानं तुला इचारलं, हिला क्लच न्हाई का रे? तू हसलास. ते बी हसले, तीन सालांनी. मंग मी गप बसले.