नोंदणीआधीचा नारळ

मालवणच्या नोंदणी कचेरीत सह्या-अंगठे उरकून सुशीलाकाकी खांबाआडच्या बाकावर टेकली होती. देवबागचं घर तिने आज विकलं होतं. खांबापलीकडे घर घेणारं जोडपं बसलं होतं, सारिका आणि सुदेश. काकी चहाला गेलीय, असंच त्यांना वाटत होतं.

"अवो, झाला मां घर आपला?"

"अजून नाय गो. दस्ताची नोंद होवन शिक्को बसलो, की झाला."

"पैसे दिलंव, चावी माज्या मुठीत आसा, तरी नाय?"

"तरी नाय. कायद्यान अजून काकीचाच."

"अरे देवा! मग माजी चूकच झाली."

"काय केलंस?"

"सकाळी थंय जावन माडाच्या मुळात जागेच्या राखणदार देवाक नारळ ठेवलंय. गाऱ्हाणा घातलंय, 'म्हाराजा, आता आमी मालक, आमका सांभाळ.'"

"नोंदणीच्या आधी? म्हणजे राखणदाराक खोटा सांगलंस?"

"हसतास काय? तो रागावलो तर?"

"सुदेश मेस्त्री!" खिडकीतून कारकुनाने हाक मारली. "नोंदणी झाली, दस्त घेऊन जा. आता घर तुमचं."

"झाला! अवो, झाला! वाटेत दुसरो नारळ घेया, तेका परत सांगाक होया."

"नको गो," खांबाआडून काकी म्हणाली, तशी दोघं दचकून उठलीच. "काल सांजेक मिया सांगलंय तेका, 'म्हाराजा, माका आता मोकळी कर. उद्यापासून ही तुजी मानसां.' तुज्या नारळाची तो वाटच बघी होतो."