पंचशीलाचं रक्त

नाही हो दत्तारामदादा, खोट कुणातच नव्हती — ना माझ्या समाधानमध्ये, ना त्याच्या बायकोत. तुम्ही मुलीचे बाप, काशीगावाहून रिक्षा करून आलात, विचारणारच. विचारा की. मी त्याची आई, मी नाही सांगणार तर कोण सांगणार? चहा घ्या आधी, गार होतोय. — कोण, चहा आणून दिला ती? ती… शेजारची. येते मदतीला.

तर सोडचिठ्ठी राजीखुशीनं होणारय, भांडण नाही, तंटा नाही. एक मुलगी आहे, पायल, शाळेत गेलीय आत्ता. ती आमच्याकडेच राहणार. तुमच्या मंदाला काही जड जायचं नाही तिचं — गुणाची आहे, फक्त वेणी आईनंच घालायला लागते, दुसऱ्या कुणाच्या हातची चालत नाही, परवा मी घातली तर सोडून टाकली आणि — म्हणजे चालायची नाही. आता शिकेल. लहान पोरं शिकतात.

कारण? कारण रक्त. हसू नका दादा, खरंच रक्त. समाधानचं पॉझिटिव्ह, सुनेचं निगेटिव्ह. असतं म्हणे शंभरातल्या थोड्या बायकांचं, त्यात आजार नाही, काही नाही. पण पायल पोटात होती ती बापाच्या रक्ताची. बाळंतपणात पोरीचं थोडं रक्त आईच्यात मिसळलं आणि आईच्या रक्ताला वाटलं, हे परकं कोण घुसलं? धरला डूख. पायलला काही झालं नाही, ती तर बाहेर आली होती. पण पुढचं जे पोर पोटात येईल, बापाच्या रक्ताचं, त्याच्यावर ते तुटून पडणार — असं डॉक्टरनं सांगितलं. तीन दिवसांच्या आत एक इंजेक्शन दिलं असतं तर रक्ताला कळलंच नसतं म्हणे. पण पायल झाली गावाला, परभणीकडं, सुईणीच्या हातानं. तिथं रक्त तपासतंय कोण? आम्हाला तरी काय माहीत?

मग मुलगा झाला. भाईंदरला, दवाखान्यात. काय रूप होतं दादा! संध्याकाळी बघितला तो गोरापान, सकाळी हळदीत बुडवून काढल्यासारखा. डोळेसुद्धा पिवळे. मोठ्या हॉस्पिटलात नेला तर म्हणाले, याचं अंगातलं सगळं रक्त काढून दुसरं भरायला लागेल, आणि ते निगेटिव्हच पाहिजे. समाधान रक्तासाठी सगळी मुंबई फिरला. मिळालं, नाही असं नाही. बाटली छातीशी धरून धावत आला — तोवर पोरगं माझ्या मांडीवर गार झालं होतं. तो बाटली सोडेचना. नर्सबाई म्हणाल्या, द्या भाऊ, दुसऱ्या कुणाला लागेल, तेव्हा दिली.

तिसऱ्या खेपेला सगळं केलं. शहरातला डॉक्टर, तपासण्या, सगळं. आता ते इंजेक्शन द्या म्हटलं, तर म्हणाले, उपयोग नाही, रक्त एकदा शिकलं की शिकलं. सातव्या महिन्यात मला म्हणाली, आई, हात ठेवा ना, हलत नाहीये. मी ठेवला. म्हटलं, झोपलं असेल गं. — अंगभर पाणी धरलेलं, सुजलेलं बाळ. मुलगीच होती. तिनं बघायला मागितलं, आम्ही दाखवलं नाही.

डॉक्टर म्हणाले, आता चौथं नको. पोटातल्या पोटात बाळाला रक्त देतात म्हणे कुठं कुठं, पण हमी नाही. तर ही कॉटवर उठून बसली आणि त्यांना विचारते, यांना दुसरीपासून मूल झालं तर ते जगेल का? डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं, मग खाली बघितलं. म्हणाले, जगेल. तिचं रक्त पॉझिटिव्ह असेल तर काही प्रश्न नाही. बस. त्या दिवसापासून हेच धरून बसलीय. 'आई, माझ्या रक्तानं मारलं त्यांना. विष आहे माझ्यात.' असं कुणी बोलतं का स्वतःला? मी समजावते, तो समजावतो, त्याचं तर म्हणणं, पायल आहे, मला अजून काय पाहिजे? पण तो झोपेत हुंदके देतो ना दादा, ते ती ऐकते.

काय म्हणालात? हो, विहारातलं रक्तदान शिबिर, जयंतीचं, त्यातच बघितलं मंदाला. तुमच्या मंदाला एका बाईनं रक्तगट विचारला होता ना? घरी येऊन हसली असेल पोर, स्थळ बघतात का रक्त बघतात म्हणून. ती हीच. ही माझी पंचशीला. तीच चहा घेऊन आली होती. स्वतः रक्त द्यायला गेली होती, निगेटिव्ह म्हटल्यावर तिथले डॉक्टर खूश झाले, ताई, तुमचं रक्त फार दुर्मीळ, येत जा. घरी येऊन मला सांगितलं आणि भिंतीकडं तोंड करून बसली. आणि मग म्हणाली, आई, एक मुलगी बघितली. चांगली आहे. ओ पॉझिटिव्ह आहे.

नाही. समाधानला माहीत नाही तुम्ही आलाय ते. तो ड्युटीवर. मीही हो म्हटलं होतं, कशाला खोटं बोलू — नातवाची आस कुणाला नसते? तिच्या हट्टापुढं हरले म्हणा, नाहीतर लोभ म्हणा. पण आत्ता तुमच्यापुढं बोलताना मला… थांबा, ती येतेय.

काय गं? नाही, साखर पुरे त्यांना. — काय ठरलं म्हणतेस? काही नाही ठरलं बाई. दादा सांगायलाच आले होते, मंदाचं दुसरीकडं जमलंय. परवाच जमलं. हो की नाही दादा? सांगा ना तिला. — बघ, मान हलवतायत. जा तू, पायल येईल आता, तिची वेणी सुटली असेल.

दादा, उठा आता. मुलगी लाखात एक आहे तुमची, चांगलं घर मिळेल. इथं जागा नाही. जयभीम.