चुन्याची आरती आणि आमचा तरणतलाव

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या वसाहतीचे प्रमुख हनुमंतराव, आवर्जून आलेले पाहुणे डॉक्टर वेंकटरमण, सत्कारमूर्ती सांबशिवराव, त्यांना सत्कारापर्यंत सांभाळून आणणाऱ्या भागीरथीवहिनी, आणि कॉफीच्या वासानं अस्वस्थ झालेल्या बंधुभगिनींनो! आपण घरी मराठी बोललो तरी शाळा तमिळच, म्हणून भाषण मी तमिळ अक्षरांत लिहून आणलंय. मराठी कुठे अडखळली तर दोष अक्षरांना द्यावा, या वरलक्ष्मीला नव्हे.

आमचे सांबशिवअण्णा उद्या मुलाकडे कोइंबतूरला राहायला निघालेत. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेल्या माणसानं काय करावं? नातवंडं खेळवावीत, गाण्याची कच्चेरी ऐकावी. अण्णांनी आपला तरणतलाव सांभाळायला घेतला! या तलावात मीठ असतं आणि यंत्रातल्या पत्र्यांवर त्याच मिठापासून क्लोरीन तयार होतो. पण आपलं बोअरचं पाणी पडलं जड. त्यात पीएच चढला की फरशीवर, पत्र्यांवर पांढरा थर धरतो. चुलीवरच्या दुधावर ठेवावं तसं लक्ष ठेवून अण्णा रोज मापानं ॲसिड घालायचे. वहिनी म्हणायच्या, "माझा बीपी यांनी कधी विचारला नाही, पाण्याचा पीएच मात्र झोपेतही सांगतील!"

पण हा खटाटोप कोणासाठी होता? डॉक्टरांनी वहिनींना गुडघ्यांसाठी पाण्यात चालायला सांगितलं होतं, म्हणून. मागोमाग आम्ही साऱ्या गुडघेवाल्याही उतरलो.

मग आलं आडिपेरुक्कु, नदीला नवं पाणी चढतं तो सण. त्या दिवशी कावेरीची पूजा हवीच. घाटाच्या पायऱ्या आमच्यानं उतरवेनात. म्हटलं, तलावातच कावेरी मानू. ओवाळलं, आणि हळद-चुना कालवलेल्या लाल पाण्याची ती पातेलंभर आरती तलावात ओतली.

अण्णा धावत आले. "अय्यो! चुना? अक्का, मी इकडे क्षार काढतोय नि तुम्ही तिकडून ओतताय?"

मंडळी, एवढ्या मोठ्या तलावाचं पातेलंभर चुन्यानं काय बिघडतं? पण राग आला म्हणजे आला. अण्णांनी निम्मा तलाव उपसून टाकला. गच्चीवरचं पावसाचं पाणी घालून घालून स्वतःच हलकं केलेलं पाणी गटारात! आणि भरला कशानं? बोअरनं! पाणीपुरवठ्यात हयात घालवलेला माणूस, बरं का! पत्र्यांवर थर चढला, यंत्र थांबलं, पाणी हिरवंगार झालं.

हनुमंतराव म्हणाले, "माती टाका, गाड्या तरी उभ्या राहतील." अण्णा तलावाकडे फिरकेनात. आम्हीही रुसलेल्या. इकडे वहिनींचं चालणं बंद पडलं, आणि पुढे पुढे त्यांना न्हाणीघरापर्यंतही धरून न्यावं लागायचं. तेव्हा हा ताठ माणूस माझ्या दारात आला. "अक्का, माझं चुकलं. पावसाचं पाणी धरायचंय, गच्च्या धुवून द्याल काय?"

द्याल काय म्हणे! आम्ही झाडू घेऊन चढलोच. ऐप्पशीचा, दिवाळीच्या सुमाराचा पाऊस नळ्यांनी तलावात आणला. अण्णांनी पत्रे पातळ ॲसिडात बुडवून साफ केले, आणि आम्हांला ओरडून ओरडून शिकवलं, "आधी पाणी, मग त्यात ॲसिड! उलट कधीच नाही!" वहिनी पुन्हा पाण्यात उभ्या राहिल्या त्या सकाळी मी रडले. सांगायला लाज कसली?

अण्णा, तुमच्या रागाचे आणि प्रेमाचे आम्ही ऋणी आहोत. वहिनी, तिथेही चालत राहा. इतका वेळ ऐकून घेतलंत, सर्वांचे आभार. बोलण्यात अधिक-उणं झालं असेल तर पोटात घालावं.

आता अध्यक्षमहाराज, एक विनंती. अण्णा गेले की तलाव बुजवायचा, असं तुम्ही परवा बैठकीत बोललात म्हणे. वहिनींचे गुडघे कोइंबतूरला चाललेत, आमचे इथेच आहेत. उद्या सकाळी पाणी तपासायला मी जाणार, परवा आमच्या गुडघेवाल्यांतली अलमेलु. तलाव राहील, एवढं अण्णांच्या देखत तुमच्या तोंडून या सभेला ऐकू द्या.

हा माईक तुमच्यापुढे धरलाय. बोला.