आईच्या रकान्यात

हॅलो?… कोण, वन्सं? हो, हो, मीच. आत्ताच घरात पाऊल टाकलं… अहो, चपलासुद्धा पायातच आहेत.

झालं. बाळाच्या जन्माचा दाखला मिळाला… ऐका तर. तुम्हीच विचारायचं आणि तुम्हीच बोलायचं, मग मी फोन कशाला धरलाय?

…नऊ महिने थोरलीनं पोटात वाढवलं, हे मला सांगता होय? दोघी माझ्याच पोटच्या. धाकटीची गर्भपिशवी काढली तेव्हा थोरली आपण होऊन पुढे आली. बाळ धाकटीचं आणि जावयांचंच, पोट तेवढं बहिणीचं… हो, पण कायद्याचं तसं नाही. जन्म देते तीच आई, कोर्टाचा हुकूम होईपर्यंत. म्हणून तर लशीच्या कागदावर थोरलीची सही लागायची. धाकटी शेजारी दुपटं धरून उभी.

…कोर्ट तिची संमती लगेच नाही विचारत. बाळंत झाल्यावर सहा आठवडे जाऊ देतात. बाईचं मन बदलू शकतं, तो तिचा हक्क… हो, तुम्ही म्हणाला होतात, देणार नाही ती. मला तरी कुठे झोप होती?

हुकूम गेल्या मंगळवारीच झाला. तुम्हाला मुद्दामच कळवलं नाही. कागद हातात आल्यावरच बोलायचं ठरवलं होतं… न्यायाधीशबाईंनी आम्हाला बाहेर काढलं आणि तिला एकटीला विचारलं. कुणी भरीला घातलंय का, पुढचं सगळं कळलंय का… काय म्हणाली? म्हणाली, "मी मावशी आहे. मावशी म्हणूनच वाढवलंय." एवढंच… वन्सं? रडताय?… हं, डोळे पुसा.

आता आजचं ऐका. जन्मनोंदणीच्या कचेरीत खिडकीतून नवा दाखला मिळाला. जावयांनी फोटो काढला, वकिलीणबाईंनी वरवर नजर टाकली, सगळे निघाले. मी म्हटलं, मला वाचू द्या… हो, मीच. या वयात पाटी घेऊन बसते म्हणून हसला होतात ना?… होतात. जाऊ दे.

बाकावर बसले. बोट ठेवून एकेक अक्षर. बाळाचं नाव, तारीख, वडील. जावयांनी दोनदा घड्याळ बघितलं. आईच्या रकान्यात आले आणि बोट अडलं… काय असणार? थोरलीचं नाव… मला वाटलं, मीच चुकतेय. तीनदा वाचलं. पण पोरींची नावं मी माझ्या नावाच्याही आधी लिहायला शिकले, वन्सं. ती कशी चुकतील?

…अहो, कारकुनानं दवाखान्याच्या जुन्या कागदावरून उतरवलं होतं. भराभर वाचणाऱ्यांना दिसलं नाही, मला दिसलं… सोमवारी या म्हणाला. थोरलीची गाडी संध्याकाळची, उद्या छापखान्यात कामावर हजर व्हायचंय. आणि तिच्या सहीवाचून दुरुस्ती होत नाही. मग काय, बसलो त्याच्या खिडकीसमोर ठाण मांडून. शेवटी त्यालाच कंटाळा आला, दिला दुरुस्त करून.

…गप्प? थोरली? काय बोलता, वन्सं. तीच आधी उठली. टाके अजून ओढतात, तरी. दाखला आत सरकवला आणि म्हणाली, "हे माझं नाही. बदलून द्या." चुकून कुणाची छत्री हातात आली असती ना, तशी… हो, आवाज जरा बसला होता. तेवढं होणारच. पण मान ताठ. मी बघत होते.

…आत आहेत दोघी. बाळ रडतंय, येतंय का ऐकू?… थोरली उठली होती. बसली परत. धाकटीनं घेतलंय.

दाखला? माझ्यापाशीच आहे, कुणाकडे देतेय आता… वाचून दाखवू? थांबा, चष्मा… हां. घाई करायची नाही, मी बोट ठेवून वाचते. बाळाचं नाव… तारीख… वडील… आता नीट ऐका. आई… हॅलो? वन्सं?… हॅलो?

तुटला वाटतं… असू दे. बोट रकान्यावर आलंच आहे, वाचूनच उठते.